बेनोनीचा अर्थ

२२ एप्रिल, मंगळवार

आजचा शब्द 'एर्मानो', म्हणजे भाऊ.

पुण्याच्या प्रियदर्शनीबाईंनी मोबाईलवर ऐकायचा स्पॅनिश-मराठी शब्दकोश काढायला घेतलाय आणि उदाहरणाची वाक्यं लिहायचं काम मला दिलंय. हिंगोलीतल्या या भाड्याच्या खोलीत बसून मी दिवसभर पुण्या-मुंबईच्या मुलांना स्पॅनिश शिकवते. मधल्या वेळात वाक्यं लिहिते. 'भाऊ'साठी लिहिलं: "माझ्या भावाला शेतातलं सगळं कळतं, माणसांचं काही कळत नाही."

बाईंचा लगेच फोन. "शिला, वाक्य छान आहे हो, पण शिकणाऱ्याला जरा सोपं द्या ना. 'माझा भाऊ उंच आहे' असं काहीतरी."

मी बदललं. माझा भाऊ उंच आहे. मग 'उंच' या शब्दाखाली लिहिलं, "उंच माणसाला पायाजवळचं दिसत नाही." ते बाईंच्या नजरेतून सुटलं. दिवसभर बरं वाटत होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

दुपारी क्लास चालू असताना लाइट गेली. उकाड्यात काही सुचेना, मग नको ते आठवत बसले.

पुण्याचं लग्न मोडून मी बॅग घेऊन माहेरी, हिंगोलीजवळच्या गोरेगावला गेले होते, तो दिवस. दादा दारातच उभा होता. मागे घरात कुणीतरी हुंदके देत होतं. माझ्यासाठी रडतायत असं मला वाटलं, किती वेडी मी. दादा म्हणाला, "तू सध्या हिंगोलीलाच खोली बघ. हितं नको थांबू." त्यानं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याच पायानं फाट्यावर नेऊन जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला भाडं देऊन टाकलं.

त्यानंतर चार दिवाळ्या झाल्या, एकीलाही बोलावणं नाही. पहिल्या दिवाळीत गावची एक बाई बाजारात भेटली. म्हणाली, तुमच्या घरी औंदा आकाशकंदीलसुद्धा लावला न्हाई की. मी म्हटलं, कंजूषपणा, दुसरं काय. गेल्या वर्षी दादा मला हिंगोलीत औषधाच्या दुकानापुढे दिसला. मी हाक मारली. त्यानं माझ्याकडे बघितलं, पिशवी पाठीमागे धरली आणि गर्दीत शिरला. सख्ख्या बहिणीला पाहून तोंड चुकवणारा भाऊ! त्याच संध्याकाळी गावच्या जीपवाल्याबरोबर त्यानं हळदीची पिशवी पाठवली. मी ती खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकली.

हे सगळं मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. कधीतरी त्याला सगळ्यांसमोर रडताना बघायचंय मला. इथे लिहायला काय हरकत आहे?

३० एप्रिल, अक्षय तृतीया

सकाळी दादाचा फोन आला. किती महिन्यांनी!

"धोंडे, आत्या झालीस बघ. पोरगं हाय!"

मी म्हटलं, "कुणाचं?"

"आता कुणाचं? माझंच की! शितलला झालं सकाळी. हितंच हाय आमी, हिंगोलीत. दवाखान्यात."

शितलवहिनीला दिवस गेले होते हेच मला माहीत नव्हतं. पाच महिने तिला बाजेवरून खाली पाय ठेवू दिला नाही, असं दादा मोठ्या कौतुकानं सांगत होता. राणीचे लाड. इतके महिने एका शब्दानं कुणी मला काही सांगितलं नाही आणि आज एकदम मी आत्या!

फोन कशासाठी होता ते पुढे कळलं. "बाराव्या दिवशी बारसं हाय. नाव तू ठिव. तुझाच मान हाय तो. ब अक्षर आलंय. येकदम नवं पाहिजे बरं का, गावात कुणाचंच नसलेलं. तुला भायेरच्या भाषा येतात, चांगलं बघून ठिव."

म्हणजे आत्या हवी ती नाव ठेवायला. बारशाला आत्या नसली तर लोक काय म्हणतील? तेवढ्यासाठी बहीण आठवली. मी म्हटलं, ठेवते. बाळ बघायला ये म्हणाला, तर क्लास आहेत म्हणाले. दवाखाना माझ्या खोलीपासून चालत जाण्याइतका जवळ आहे.

आमच्याकडे आत्यानं ठेवलेलं नाव जन्मभर चिकटतं. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला जन्म देताना माझी आई गेली आणि बारशाच्या दिवशी सखुआत्यानं माझ्या कानात सांगितलं, धोंडी. गळ्यातली धोंड. पोरं जगावीत म्हणून लोक धोंडू, दगडू अशी नावं ठेवतात हे मला माहीत आहे, पण ती पोरांना. पोरीला जगवायला कोण बसलंय? दादा त्या वेळी बारा वर्षांचा होता. तोही तेव्हापासून धोंडीच म्हणतो. आजही पहिला शब्द तोच.

१ मे, गुरुवार

ब अक्षराचे स्पॅनिश शब्द काढत बसले. सूडाला 'बेन्गान्सा' म्हणतात. गंमत म्हणजे ब पासूनच. पण फार लांब आहे, पाळण्यात मावायचं नाही. 'बासुरा' म्हणजे कचरा. ऐकायला बासरीसारखं आहे, घरच्यांना नक्की आवडलं असतं. कृष्णाचं काहीतरी असेल म्हणून सखुआत्यानं हातसुद्धा जोडले असते. मी एकटीच खोलीत हसले.

पण कचरा वगैरे पोरकटपणा झाला. मला चेष्टा करायची नाही. मला त्यांना ते द्यायचंय जे त्यांनी मला दिलं. कानात घातलेलं आणि पुसता न येणारं.

२ मे, शुक्रवार

शब्द सापडला. शोधायलाही लागला नाही. प्रियदर्शनीबाईंनी आज पाठवलेल्या शब्दांतच होता. काही शब्दांच्या मागची गोष्टही सांगायची आहे, त्यातला हा एक: 'बेन्खामीन'. लिहिताना ज लिहितात, उच्चार ख च्या जवळचा.

घरातल्या सगळ्यांत धाकट्या लेकराला स्पॅनिशमध्ये बेन्खामीन म्हणतात. मुलगी असेल तर बेन्खामीना. आपलं 'शेंडेफळ'. इतका नेमका जुळणारा शब्द क्वचित मिळतो. पण तो मुळात शब्द नाहीच, ते एक नाव आहे, हिब्रू भाषेतलं, बिन्यामीन. जुन्या काळची गोष्ट अशी की एका माणसाला बारा मुलगे होते. धाकट्याच्या वेळी कुटुंब वाटेवर होतं. त्याची लाडकी बायको वाटेतच अडली, बाळंत झाली आणि गेली. जीव जाता जाता तिनं मुलाचं नाव ठेवलं बेन-ओनी. माझ्या दुःखाचा मुलगा. बापानं ते नाव चालू दिलं नाही. त्यानं बिन्यामीन केलं, उजव्या हाताचा मुलगा. पुढे ते नाव स्पेनमध्ये घरोघरच्या शेंडेफळाला लागलं.

भाकरी टाकली होती ती तव्यावरच करपली. ही तर माझीच गोष्ट. मी घरातली धाकटी आणि माझी आई अशीच गेली. फक्त माझ्यासाठी कुणी उजवा हात शोधला नाही.

बेनोनी. ब अक्षर. गावात कुणाचं नाही, जिल्ह्यात कुणाचं नसेल. गोड आहे, आजकाल लोक ठेवतात तसलं आहे. आणि अर्थ? तो सध्या माझ्याजवळ राहू दे. पोरगं शाळेत जायला लागलं, सगळ्या गावाच्या तोंडी नाव बसलं की मग एक दिवस सहज सांगेन. दादा, तुझ्या पोराच्या नावाचा अर्थ विचारला नाहीस कधी?

४ मे, रविवार

बेन्खामीनची गोष्ट लिहून पाठवली. वाचताना आणखी एक कळलं. 'ओन' या हिब्रू शब्दाला दोन अर्थ आहेत, दुःख आणि बळ. काही जुने पंडित म्हणतात की बापाला मरणाऱ्या बायकोनं ठेवलेलं नाव मोडायचं नव्हतं. तिनं दुःख म्हटलं, त्यानं त्याच शब्दातलं बळ उचललं, आणि उजवा हात म्हणजेच बळ म्हणून तेच नाव वेगळ्या शब्दांत फिरवून ठेवलं. म्हणजे नाव बदललं नाही, त्याचं चांगल्यात भाषांतर केलं.

बाईंना हे भारी आवडलं. मला मात्र त्या दुसऱ्या अर्थाशी काही देणंघेणं नाही. पहिला पुरे.

आमच्या बापाला एवढंही सुचलं नाही. मला शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, धोंडी काय नाव लिहायचं? तर तात्या म्हणाले, शिला लिहा. आयुष्यभर शेतात राबलेला माणूस, संस्कृत शब्द कुठून विचारून आला होता कोण जाणे. तालुक्याला कुणा गुरुजींकडे दोन फेऱ्या मारल्या म्हणे त्यासाठी. आणि आणलं काय? शिला म्हणजे पुन्हा दगडच. धोंडीचं फक्त संस्कृत केलं. बिन्यामीनच्या बापानं निदान अर्थ तरी चांगला उचलला. तात्या जाऊन आता नऊ वर्षं झाली, नाहीतर विचारलं असतं.

आज मनात एकदा आलं, त्या लेकराचा काय दोष? आलं ते लिहून ठेवते, लपवायचं नाही. पण मग माझा काय दोष होता?

५ मे, सोमवार

दादाला फोन करून नाव सांगितलं.

"बे-नो-नी," तो सावकाश म्हणाला. मग एकदम, "म्हंजे बेणं?"

"बेणं नाही दादा. बेनोनी. जुनं परदेशी नाव आहे."

"तेच ते. बेणं! अगं शितल, ऐकलं का? धोंडीनं पोराचं नाव बेणं ठिवलं!" आणि तो असा हसत सुटला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "येकदम बराबर. औंदा हळदीचं बेणं असं निघालंय म्हणून सांगू, आंगठ्यायेवढं जाड. सावलीला ढीग घालून झाकून ठिवलंय. बाकी सगळी हळद इकली तरी माणूस बेणं जपतंय. न्हाई का?"

लागवडीसाठी राखलेला हळदीचा कंद तो बेणं. उनाड पोरालाही गावात हसून बेणंच म्हणतात. मरणाऱ्या बाईच्या तोंडून निघालेलं नाव, हजारो वर्षं टिकलेलं, आणि आमच्या घरात एका मिनिटात त्याची हळद झाली. या लोकांना शिवीसुद्धा नीट देता येत नाही, तिचाही ते प्रसाद करून खातात.

अर्थ विचारला त्यानं. मी म्हटलं, बारशाच्या दिवशी सांगेन.

७ मे, बुधवार

जीपनं गोरेगावला गेले. चार वर्षांनी घराचा उंबरा ओलांडला. कपडे ठरवायला ये, पाळणा बघायला ये, असं दादाचं चाललं होतं. मी वेगळ्याच कामासाठी गेले होते. ज्याच्यावर नाव टाकायचंय ते एकदा बघून घ्यावं म्हणून.

सखुआत्या ओसरीवर बसली होती. नव्वदीला टेकली, पण जीभ शाबूत.

"आली का धोंडे? वाळलीस लई."

मी म्हटलं, "आत्या, मला शिला म्हणतात."

"म्हणू देत की. मी धोंडीच म्हणीन. मीच ठिवलं न्हाई का?"

मग मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "काहून ठेवलंस गं असलं नाव? आई गेली म्हणून राग होता माझ्यावर?"

ती म्हणाली, "चिमणीयेवढी होतीस. दूध वढत नव्हतीस. सगळे म्हणले, ही बी जाती आईच्या मागं. म्या म्हणलं, धोंडी हाय ही, कशी जाती बघू." आणि पान चावत पुढे म्हणाली, "गेलीस का?"

म्हातारपणी सगळ्यांना स्वतःची बाजू सुचते. मी आत गेले.

वहिनी बाजेवर होती, डोक्याला फडकं बांधलेलं, खाली शेगडी. खोलीभर ओवा आणि बाळंतशेपाचा वास. केस किती पांढरे झालेत तिचे! माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे. बाळ तिच्या कुशीत होतं. तिनं ते दुसऱ्या कुणाला द्यावं तसं दिलं नाही, आधी माझ्याकडे नीट बघितलं, मग पदर सावरला आणि माझ्या हातात अलगद ठेवलं. हात काढून घेतले नाहीत, खाली तसेच धरून ठेवले. माझ्यावर विश्वास नसावा.

दादासारखंच कपाळ आहे. तेवढं बघून घेतलं.

"ताई," वहिनी म्हणाली, "नाव लई इचार करून ठिवलंत ना तुमी?"

"हो," मी म्हटलं. "खूप विचार करून."

तिच्या उशाशी मोबाईल होता. ती पुढे काहीतरी बोलणार होती, पण दादा गूळपाणी घेऊन आला. एक मात्र खटकलं. खोलीत कोपऱ्यात एक जुना पाळणा होता, कापड घालून झाकलेला, लाकूड धुळीनं काळं पडलेलं. घरात पाळणा असताना बारशाला नवीन आणलाय. पैशाची मस्ती, दुसरं काय म्हणणार.

९ मे, शुक्रवार

बेत बदलला.

वर्षानुवर्षं थांबायचं नाही. दादानं सांगितलं, माईक लावलाय, दारात मंडप घातलाय, दोनशे माणूस जेवायला आहे. गोरेगावात सगळे आधीच पोराला बेण्या म्हणायला लागलेत. अर्थ आता सांगितला नाही तर हे लोक त्याला हळदीतच पुरून टाकतील आणि माझ्या हाती काही राहणार नाही.

म्हणून नाव ठेवून झालं की मी माईक मागून घेणार. दादानंच विचारलंय ना अर्थ? सांगणार. सुटसुटीत तीन शब्द. माझ्या दुःखाचा मुलगा. नंतर हेही सांगणार की हे नाव बाळंतपणात मेलेल्या बाईनं ठेवलं होतं, आणि आमच्या घराला ते शोभतं, कारण या घरानं एका पोरीला असंच नाव देऊन वाढवलं आणि गरज पडली तेव्हा दारातून परत लावलं. दोनशे माणसांसमोर.

वाक्यं मोठ्यानं म्हणून बघितली. मुलांना उच्चार शिकवते तशी, थांबे घेत. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज कापला नाही. निळी पैठणी इस्त्रीला दिली.

११ मे, रविवार

दुपारची तीन वाजताची वेळ होती. मी सकाळीच पोचले. मंडपात खुर्च्या लागत होत्या, दादा आचाऱ्याशी बोलत होता. मी थेट आत गेले कारण वहिनीनं बोलावलंय असा निरोप होता.

ती न्हाऊन बसली होती. नवीन हिरवी साडी. तिनं मला दार लोटून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, "ताई, मी बघितलं मोबाईलवर. नावाचा अर्थ."

मी म्हटलं, "वहिनी..."

"माझ्या दुःखाचा मुलगा," ती म्हणाली. "असंच हाय ना?"

मी मान हलवली. आता आरडाओरडा होणार, दादाला बोलावणार, मला पुन्हा जीपमध्ये बसवणार, हे सगळं मला डोळ्यांपुढे दिसलं. खरं सांगायचं तर जराशी सुटका वाटली.

तिनं माझा हात धरला. तोंड तिचं हसरं होतं आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "तुमाला कुणी सांगितलं वो? ह्यांनी तर कुणाला बोलायचं न्हाई म्हणून शपथ घातलीती. ह्याच्या आदी दोन गेले माझे. पहिलं पोटातच. तुमी बॅग घेऊन आलात ना, त्याच दिवशी आनलं होतं घरी, कापडात गुंडाळून. मी आत रडून राहिले आन् तुमी दारात. दुसरी पोरगी होती, दीस भरून झाली. दोन दीस जगली. तिच्यासाठी आनला होता त्यो पाळणा." तिनं कोपऱ्याकडे बोट केलं. "हे म्हणायचे, शिलापुढं बाळंतपणाचं बोलायचं न्हाई. तिची आई तशी गेली, तिला लहानपणापासून लोकांनी लई ऐकवलं. तिचं आधीच मोडलंय, काहून तिला आनखी रडवायचं? औषधाची पिशवी बी लपवायचे तुमच्यापासून. मला लई वाटायचं ताई यावात. बोलायला कुणी नव्हतं."

मी तिथेच बाजेच्या कडेला बसले.

"आन् तुमी तिकडं बसून वळखलंत," वहिनी म्हणाली. "गाव हसून राहिलं, बेणं बेणं करून राहिलं. मला काय वाटलं सांगू? ह्या घरात येक जण हाय जिनं माझं दुःख मोजलं. दुसरं नाव नको मला. त्या दोघांची आठवन ह्याच्या नावात राहू द्या. फक्त येक करा. अर्थ तुमीच सांगा समद्यांना. माझ्यानं न्हाई व्हायचं."

तिला खरं सांगावं असं वाटलं. तोंड उघडलंही. तिनं बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि या वेळी हात काढून घेतले.

तीन वाजता बायका जमल्या. बाळाला गोविंद-गोपाळ करत पाळण्याखालून वरून फिरवलं, पाळण्यात ठेवलं आणि मला पुढे ढकललं. मी वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. आत्या नाव सांगायला वाकली की बायका-पोरं तिच्या पाठीत धपाटे घालतात, तशी आमच्याकडे पद्धतच आहे. मला कुणी सोडलं नाही. भावकीतल्या बायका, शेजारच्या पोरी, सगळ्यांनी हात धुऊन घेतले. मी वर उठलेच नाही. "आत्याबाई, उठा की आता!" असं हसत कुणीतरी म्हणालं तरी वाकलेलीच राहिले, म्हणून त्यांनी आणखी घातले.

मग दादानं माईक आणून दिला. "सांग आता अर्थ. सगळे वाट बघून राहिले."

पाठ केलेलं होतं. पहिली तीन शब्दांची ओळ तशीच्या तशी म्हटली. माझ्या दुःखाचा मुलगा. पुढे जे ठरवलं होतं, मेलेल्या बाईचं, दारातून परत लावलेल्या पोरीचं, ते काही आलं नाही. मी म्हटलं, हे नाव एका आईनं ठेवलंय. शितलवहिनींची दोन लेकरं गेली, त्यांच्या मागे हा आला. ज्या भाषेतलं हे नाव आहे तिच्यात दुःख आणि बळ याला एकच शब्द आहे. माईक खाली ठेवला.

दादा सगळ्या गावासमोर रडला. तोंडावर उपरणं धरून, खांबाला टेकून, लहान पोरासारखा हुंदके देत रडला. तात्या गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. मला जे बघायचं होतं ते माझ्यापुढे होतं, चार हातांवर, आणि मला मान वर करून बघता आलं नाही. तोच माझ्याकडे आला. म्हणाला, "शिले, चार वर्सं झाली, मी कुणापशी बोललो न्हाई गं. तुला कसं कळलं?"

धोंडी म्हणाला नाही. शिले म्हणाला. मी म्हटलं, "कळलं असंच."

सखुआत्यानं माझ्यावरून कानशिलावर बोटं मोडली. गावच्या बायका म्हणाल्या, शिकलेली नणंद असावी तर अशी. वहिनीनं मला जीपला जाऊ दिलं नाही, चार दिवस राहायचंय असं बजावलंय. ओसरीवर बसून हे लिहितेय. आत बाळ रडलं की वहिनी हाक मारते, ताई, जरा घ्या हो ह्याला. माझ्याकडे आला की तो गप्प राहतो.

सगळे मला चांगली म्हणतायत. मी नाव सुडानं ठेवलं होतं, हे आता कुणाला सांगू? सांगितलं तर वहिनीजवळ त्या दोघांची जी एक आठवण आहे ती मी पुन्हा मारून टाकीन. नाही सांगितलं तर या घरात रोज माझं कौतुक होईल आणि मला ते ऐकत बसावं लागेल.

नाही सांगणार. वहिनीची पुन्हा हाक आली, उठते.